नव्वदावा दिवस: अजयकुमार चौधरी प्रकरण आणि निलंबित कर्मचाऱ्याचा हक्क

निलंबनाचा आदेश सहसा एका पानात मावतो. पहिल्या परिच्छेदात लिहिलेले असते की शिस्तभंगविषयक कार्यवाही प्रस्तावित असल्याने श्री. अमुक यांना आदेशाच्या दिनांकापासून निलंबित करण्यात येत आहे. दुसऱ्यात, निलंबन काळात त्यांचे मुख्यालय तमुक राहील आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांना ते सोडता येणार नाही. तिसऱ्यात निर्वाह भत्ता, म्हणजे या काळात पगाराऐवजी मिळणारी रक्कम, आणि दुसरीकडे नोकरी-धंदा करत नसल्याचा दाखला. नेमके काय चुकले, कोणत्या तारखेला, कोणत्या नस्तीत (फाइलमध्ये), हे त्या पानावर नसते. ते दोषारोपपत्रात येते. आणि दोषारोपपत्र कधी यावे, याची मुदत बराच काळ कुणीच ठामपणे घालून दिलेली नव्हती.

ती मुदत घातली सर्वोच्च न्यायालयाने, 16 फेब्रुवारी 2015 रोजी, अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात. तालुक्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत आज 'नव्वद दिवस' हे दोन शब्द ऐकू येतात, ते या निकालामुळे. निकालाचे नाव पुष्कळांना माहीत असते, त्यातली हकिकत फारशी कुणी वाचलेली नसते. ती वाचावी असे मला फार वाटते, कारण हा हक्क कुठे भक्कम आहे आणि कुठे कच्चा आहे, हे त्या हकिकतीतच दिसते.

काश्मीरमधली चार एकर जमीन

नोव्हेंबर 2006 मध्ये अजयकुमार चौधरी काश्मीर मंडळात संरक्षण मालमत्ता अधिकारी म्हणून काम करत होते. लष्कराच्या ताब्यातल्या जमिनींची देखरेख हे या खात्याचे काम. तिथे लक्षात आले की केंद्र सरकारच्या मालकीच्या पुष्कळ जमिनीची महसुली दप्तरात संरक्षण खात्याची जमीन म्हणून नोंदच झालेली नाही. जमीन एकाची, कब्जा दुसऱ्याचा आणि फेरफार वर्षानुवर्षे राहिलेला, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तलाठ्याला ओळखीचे वाटेल.

अधिकाऱ्याचे म्हणणे असे: 2008-09 च्या सुमारास कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी टिपण्या सादर केल्या की सुमारे चार एकर जमीन संरक्षण खात्याची नसून खाजगी आहे. त्या टिपण्यांच्या आधारे त्यांनी ना-हरकत दाखले दिले. पुढे एप्रिल 2010 मध्ये त्यांची अंबाल्याला बदली झाली. त्यानंतर ते दाखले चुकीचे ठरवले गेले, चौकशी सुरू झाली, आणि 30 सप्टेंबर 2011 रोजी त्यांना निलंबित करण्यात आले.

ते दोषी होते की नव्हते, हा प्रश्न या निकालात सुटलेला नाही, आणि इथेही तो सोडवायचा नाही. टिपणी खालून येते, सही वरचा करतो, आणि प्रकरण अंगाशी आले की जबाबदारी कुणाची यावर खल होतो. त्याची शहानिशा विभागीय चौकशीत व्हायची असते. पण चौकशी सुरू होण्यासाठी आधी दोषारोपपत्र हातात पडावे लागते. इथे ते पडेना, निलंबनाला मुदतवाढ मात्र मिळत गेली. आधी 180 दिवस, मग पुन्हा 180, मग नव्वद-नव्वद दिवसांचे तुकडे.

अनुच्छेद 311 इथे का पोचत नाही

शासकीय सेवकाच्या संरक्षणाची गोष्ट निघाली की संविधानाचा अनुच्छेद 311 आठवतो. आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. फार मोठे संरक्षण आहे हे. पण कायद्याच्या नजरेत निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी निर्वेध व्हावी, कागदपत्रांत ढवळाढवळ होऊ नये, साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून केलेली ती तात्पुरती तजवीज समजली जाते. म्हणून निलंबनापूर्वी ना नोटीस लागते, ना खुलासा.

घरात मात्र ते शिक्षेसारखेच येते. पगार निम्म्यावर आलेला, शेजारीपाजारी कुजबुज, मुलीच्या लग्नाची बोलणी थांबलेली, आणि कुणी विचारले 'काय केलंत?' तर सांगायला काही नाही, कारण सरकारनेच अजून सांगितलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे नेमके ओळखले. आरोप ठेवला जाण्याआधीच माणसाला समाजाची हेटाळणी आणि खात्याची अवहेलना सोसावी लागते, चौकशी संपेपर्यंत त्याचे जे व्हायचे ते होऊन जाते, अशा आशयाचा परिच्छेद निकालात आहे. सेवाविषयक निकालांची भाषा एरवी रुक्ष असते. हा परिच्छेद तसा नाही.

ठरवायचे कुणी?

अधिकारी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. न्यायाधिकरणाने 2013 साली दिलेला आदेश मध्यममार्गी होता: निलंबनाची चालू मुदत संपण्याआधी दोषारोपपत्र दिले नाही, तर त्यांना सेवेत परत घ्या, चौकशी करायची असेल तर ती ठरावीक वेळेत पुरी करा. निलंबन रद्द केले नव्हते, फक्त त्याला अट घातली होती.

सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे पारडे फिरले. निलंबन चालू ठेवणे गरजेचे आहे की नाही हे पाहणे कार्यकारी शासनाचे काम आहे, न्यायाधिकरणाने त्या जागी आपला निर्णय बसवला, असे उच्च न्यायालयाचे मत पडले. सरकारने सर्व बाबी पाहून दोन आठवड्यांत ठरवावे, असे सांगून न्यायाधिकरणाचा आदेश बाजूला ठेवला गेला.

हा युक्तिवाद वरवर बिनचूक आहे. कुणाला निलंबित ठेवायचे हे नियुक्ती अधिकाऱ्यालाच कळते, न्यायालयाने प्रत्येक नस्ती उघडून बसू नये, हेही पटण्यासारखे आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: की दर मुदतवाढीच्या वेळी कुणीतरी खरोखर विचार करतो. कचेरीत काम केलेल्याला ठाऊक असते की मुदतवाढीचा आदेश पुष्कळदा आधीच्याच आदेशावर नवी तारीख घालून निघतो. न्यायालयात टिकेल असे कारण त्यात नसते, कारण कुणी विचारलेलेच नसते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

न्यायमूर्ती विक्रमजित सेन आणि न्यायमूर्ती सी. नागप्पन यांच्या खंडपीठापुढे अपील आले. निकालाची मांडणी तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी: निलंबन स्वभावतःच अल्पकाळाचे असते. ते अनिश्चित काळ लांबले, किंवा मुदतवाढीच्या वेळी सबळ कारण नोंदलेले नसले, तर त्याला शिक्षेचे रूप येते. वारंवार मुदतवाढ हा अपवाद न राहता रिवाज झाला आहे, अशी खंतही न्यायालयाने नोंदवली.

दुसरी पायरी जलद न्यायाच्या हक्काची. इथे महाराष्ट्राचा एक धागा येतो. माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात 1992 साली घटनापीठाने जलद खटल्याचा हक्क अनुच्छेद 21 मध्ये सामावलेला असल्याचे सांगितले होते. मात्र त्या घटनापीठाने खटल्यांना सरसकट कालमर्यादा घालायला नकार दिला होता. म्हणजे हा आधार दुधारी होता: हक्क मान्य, पण दिवस मोजून द्यायला तयारी नाही.

न्यायालयाने वाट काढली ती तिसऱ्या पायरीवर. विलंब झाला म्हणून कार्यवाहीच रद्द करणे वेगळे आणि निलंबनाची मुदत मर्यादित करणे वेगळे, असा फरक केला. आधीच्या निकालांनी नकार दिला होता तो पहिल्या गोष्टीला. दुसरीचा विचार झालेलाच नव्हता. मग फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 मधल्या कलम 167(2) कडे बोट दाखवले. गुन्हा कितीही गंभीर असो, 90 दिवसांत (काही गुन्ह्यांत 60 दिवसांत) आरोपपत्र दाखल झाले नाही तर कोठडीतला आरोपी जामिनाला पात्र होतो. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 187 मध्ये आहे. खुनाच्या आरोपीला जी मुदत लागू होते, ती साधा शिस्तभंगाचा ठपका असलेल्या माणसाला का लागू होऊ नये? मला या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. सेवेच्या नियमांत उत्तर सापडत नव्हते, म्हणून न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्यातून ते आणले.

त्यावरून आदेश झाला. निलंबनापासून तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये. बजावले असेल, तर मुदतवाढीसाठी सकारण आदेश काढावा. सरकारची काळजीही विचारात घेतली: कर्मचारी पुराव्याला हात लावील अशी भीती असेल, तर त्याची राज्यात किंवा राज्याबाहेर कुठेही बदली करावी, त्याला संबंधितांशी संपर्क करायला आणि दप्तर हाताळायला मनाई करावी. फौजदारी तपास चालू असताना विभागीय कार्यवाही थांबवून ठेवण्याचे केंद्रीय दक्षता आयोगाचे निर्देशही या भूमिकेमुळे बाजूला पडतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

बदलीच्या या पर्यायाकडे कमी लक्ष दिले जाते. 'कागदपत्रे सुरक्षित राहावीत' हे निलंबनाचे नेहमीचे कारण. ते काम बदलीने होत असेल, तर निम्म्याहून जास्त पगार देऊन माणसाला काही काम न करता बसवण्यात सरकारचाही तोटाच आहे.

त्यांना स्वतःला काय मिळाले

निलंबनाच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंत 1235 दिवस होतात. मधल्या काळात, अपील प्रलंबित असताना, दोषारोपपत्र बजावले गेले. म्हणून न्यायालयाने शेवटी लिहिले की आता दोषारोपपत्र आलेले असल्याने हे निर्देश अपीलकर्त्याला कदाचित लागू पडणार नाहीत. त्यांना हवे असल्यास पुढच्या निलंबनाला कायद्याने उपलब्ध मार्गाने आव्हान द्यावे.

ज्या माणसाच्या नावाने देशभरातले निलंबित कर्मचारी अर्ज करतात, त्याला त्या नियमाचा लाभ मिळाला नाही. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटते. पण यातून कायद्याची एक बाजू लख्ख दिसते: हे संरक्षण दोषारोपपत्राच्या उशिराविरुद्ध आहे, निलंबनाविरुद्ध नव्हे. 89 व्या दिवशी पत्र हातात पडले की प्रश्न बदलतो. मग भांडण मुदतवाढीच्या कारणांचे होते.

निर्वाह भत्ता आणि एक रुपया

निलंबितांच्या हक्कांत पैशाचा हक्क पोटाशी सगळ्यात जवळचा, आणि इथे महाराष्ट्राचा इतिहास सांगायलाच हवा. मुंबई नागरी सेवा नियम, 1959 मध्ये एक परंतुक होते: निलंबित सेवकाला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले आणि त्याचे अपील प्रलंबित असले, तर निर्वाह भत्ता दरमहा एक रुपया. महाराष्ट्र शासन विरुद्ध चंद्रभान या प्रकरणात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने हे परंतुक अवैध ठरवले. ज्या भत्त्याच्या नावातच 'निर्वाह' आहे, तो एक रुपया असू शकत नाही. अपील जिंकायचे तर तोवर जगायला हवे, आणि नोकरीचे नाते तुटलेले नसल्याने दुसरीकडे कमवायचीही मुभा नाही.

आज राज्यातल्या निलंबित सेवकाला, महाराष्ट्र नागरी सेवा नियमांपैकी निलंबन काळातल्या प्रदानांविषयीच्या 1981 च्या नियमांतील नियम 68 नुसार, पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, लांबण कर्मचाऱ्यामुळे झाली नसेल, तर मूळ भत्त्यात त्याच्या पन्नास टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. त्याच्यामुळे झाली असेल तर तितकीच कपात. ही वाढ बऱ्याचदा आपोआप मिळत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याला आदेश काढावा लागतो आणि तो मागावा लागतो. चौकशीला हजर राहायला प्रवासाचे पैसे नाहीत अशी स्थिती सरकारनेच आणली, तर चौकशीच दूषित ठरू शकते, हे घनश्यामदास श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगून ठेवले आहे.

महाराष्ट्रात हा निकाल कसा उतरला

केंद्राने 23 ऑगस्ट 2016 रोजी आपल्या खात्यांना या निकालाप्रमाणे चालण्याच्या सूचना दिल्या. 2018 साली तामिळनाडूतील एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लांबलेले निलंबन समर्थनीय नसल्याचे पुन्हा सांगितले. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय त्यानंतर, 9 जुलै 2019 रोजी आला. त्याआधी 14 ऑक्टोबर 2011 च्या शासन निर्णयाने निलंबनाच्या आढाव्याची पद्धत ठरवून दिलेली होती. 2019 च्या निर्णयाने त्यात नव्वद दिवसांची रेघ ओढली.

तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नसेल तर निलंबन समाप्त करण्याखेरीज पर्याय राहत नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत त्यात कबुली आहे. म्हणून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याची खबरदारी घ्यावी, असे सर्व कार्यालयांना बजावले आहे. दोषारोपपत्र दिले असेल तर तीन महिन्यांत आढावा घेऊन निलंबन पुढे चालू ठेवायचे की नाही याचा सुस्पष्ट, कारणमीमांसेसह आदेश काढायचा. लाचलुचपत प्रकरणांत विभागीय चौकशीसाठी लागणारी कागदपत्रे प्रतिबंधक विभागाने संबंधित खात्याला वेळेत द्यावीत, हेही सांगितले आहे. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. लाचेच्या सापळ्याच्या प्रकरणांत मूळ कागद तपास यंत्रणेकडे जातात, खाते म्हणते आमच्याकडे काहीच नाही, आणि दोषारोपपत्राची जोडपत्रे तयार होत नाहीत. 48 तासांहून जास्त अटकेमुळे झालेल्या मानीव (म्हणजे आपोआप झाले असे मानल्या जाणाऱ्या) निलंबनात ही अडचण जास्तच येते.

निकालाची ताकद किती

इथे कर्मचारी संघटनांच्या सभांत सांगितले जाते त्यापेक्षा सावध बोलायला हवे. 91 व्या दिवशी निलंबन आपोआप गळून पडते का? केंद्रीय नियमांत 90 दिवसांच्या आत आढावा घेऊन मुदत वाढवली नाही तर आदेश वैध राहत नाही, अशी थेट तरतूदच आहे. तिथे उत्तर सोपे आहे. पण निव्वळ 2015 च्या निकालाच्या जोरावर? दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 साली तसा सरसकट अर्थ काढायला नकार दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही 2022 साली, प्रत्येक प्रकरणाचे तथ्य पाहून ठरवावे, अशीच भूमिका घेतली.

मला ही सावधगिरी एका मर्यादेपर्यंत समजते. मोठ्या अपहाराच्या प्रकरणात एका कारकुनाने नस्ती दाबून ठेवली म्हणून आरोपी पुन्हा त्याच खुर्चीत बसावा, हे कुणालाच नको. पण त्यासाठी बदलीचा आणि दप्तर-बंदीचा मार्ग निकालातच दिलेला आहे. तो न वापरता अपवादांचीच री ओढली, तर तीन महिन्यांची रेघ पुसली जाते. महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्याची बाजू त्या मानाने बरी आहे, कारण इथे न्यायालयाच्या निकालाबरोबर शासनाचा स्वतःचा निर्णय आहे आणि शासनाला आपल्याच शब्दाविरुद्ध बोलणे अवघड जाते.

हातात काय ठेवावे

आदेशाची तारीख आणि तो प्रत्यक्ष हातात पडल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवाव्यात. नव्वद दिवस उलटून दोषारोपपत्र आले नाही, तर निलंबन करणाऱ्या प्राधिकाऱ्याला 2015 चा निकाल आणि 9 जुलै 2019 चा शासन निर्णय या दोन्हींचा हवाला देऊन लेखी अर्ज करावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. तोंडी विनंतीने काही होत नाही, कारण पुढे दाखवायला कागद राहत नाही. राज्य शासनाच्या सेवकाला त्यानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 प्रमाणे सर्वसाधारणपणे आधी खात्यातले उपाय वापरावे लागतात, अपील केल्यावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर पुढचा रस्ता मोकळा होतो, आणि अंतिम आदेशापासून एका वर्षाच्या आत यावे लागते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे शिस्त व अपील नियम 1964 चे आणि वेगळे आहेत. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांना 1977 चा अधिनियम आणि त्याचे शाळा न्यायाधिकरण आहे. ग्रामसेवकाने किंवा शिक्षकाने मॅटचा अर्ज तयार करून घेण्याआधी हे बघावे. चुकीच्या दारात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

निलंबन उठले तरी एक काम उरते. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, आणि त्या काळाचा किती पगार द्यायचा, याचा स्वतंत्र आदेश 1981 च्याच नियमांखाली निघावा लागतो. चौकशी संपली, किरकोळ शिक्षा झाली, माणूस कामाला लागला, आणि हा आदेश निघायचाच राहिला असे होते. मग निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक पडताळताना महालेखापालांचे कार्यालय तो काळ अनियमित म्हणून प्रकरण परत पाठवते. म्हणून पुनःस्थापनेच्या आदेशाबरोबरच निलंबन काळाच्या नियमनाचा अर्जही द्यावा, आणि त्याची नोंद सेवापुस्तकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावी.